लाल कार्डाचा स्वभाव

तळहातात मावेल एवढं प्लास्टिकचं एक लाल पान. वजन इतकं कमी, की खिशात आहे हे धावणाऱ्या पंचाला जाणवतही नसेल. फुटबॉलच्या मैदानावर त्याच्याइतकं हलकं दुसरं काही नसतं आणि त्याच्याइतकं जडही दुसरं काही पडत नाही. ते एकदा वर गेलं की अकराचे दहा होतात. गेलेला खेळाडू परत येत नाही, त्याच्या जागी बदली खेळाडू मिळत नाही आणि निदान पुढचा एक सामना त्याला बाहेर बसून काढावा लागतो.

त्याची राहण्याची जागाही ठरलेली. पिवळं कार्ड सहसा पंचाच्या छातीवरच्या खिशात असतं. लाल कार्ड बरेच पंच चड्डीच्या मागच्या खिशात ठेवतात, म्हणजे गडबडीत भलतंच कार्ड हाती लागत नाही. म्हणूनच कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमपासून लंडनच्या वेम्ब्लीपर्यंतचा जाणता प्रेक्षक अशा वेळी पंचाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, त्याच्या हाताकडे बघतो. हात छातीकडे गेला तर एक सुस्कारा, मागे गेला तर सगळं मैदान उभं राहतं.

ते बोलत नाही. रंग हीच त्याची भाषा, आणि ती स्पॅनिश, जर्मन, मराठी, बंगाली सगळ्यांना सारखीच कळते. कोणाचीच भाषा कोणाला कळेना, तेव्हाच तर त्याचा जन्म झाला.

त्या जन्माच्या मागे केन अ‍ॅस्टन नावाचा इंग्लिश पंच आहे. पेशाने शाळामास्तर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात अधिकारी होता आणि युद्ध संपल्यावर सिंगापूरमधल्या चांगी इथे युद्धगुन्ह्यांची सुनावणी करणाऱ्या न्यायाधिकरणावरही त्याने काम केलं होतं. पुरावा, आरोप आणि शिक्षा यांचा धागा किती नाजूक असतो, हे त्याला मैदानाबाहेरही ठाऊक होतं. मैदानावर त्याला ते कळलं सॅन्टियागोत, 2 जून 1962 रोजी. यजमान चिली आणि इटली यांचा तो विश्वचषक सामना खेळ कमी आणि हाणामारी जास्त असा झाला. इटलीच्या फेरिनीला अ‍ॅस्टनने सुरुवातीच्या काही मिनिटांतच बाहेर काढलं, पण तो जाईना. शेवटी पोलिसांनी त्याला बाहेर नेलं. पुढे इटलीचाच मारिओ डेव्हिडही गेला. चिलीच्या लिओनेल सांचेझने मात्र ठोसा मारून हुम्बेर्तो मास्कियोचं नाक मोडलं, तरी तो शेवटपर्यंत खेळत राहिला. शिस्तीच्या बाबतीत समान न्याय किती अवघड असतो, याचा हा धडा लाल कार्डाच्या जनकाने स्वतःच्या शिट्टीखाली घेतला होता.

चार वर्षांनी, 23 जुलै 1966 रोजी वेम्ब्लीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना उपांत्यपूर्व फेरीत भिडले. पंच होते जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन. पूर्वार्धातच त्यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनियो रातीनला बाहेर जायला सांगितलं. पंचाला स्पॅनिश येत नव्हतं, रातीनला जर्मन येत नव्हतं. आपल्याला दुभाषा हवा होता, आपण काय केलं तेच कळलं नाही, असं रातीन सांगत राहिला. कित्येक मिनिटं खेळ थांबला. स्पर्धेतल्या पंचांची जबाबदारी अ‍ॅस्टनकडे होती, त्यामुळे समजूत घालायला त्याला मैदानात उतरावं लागलं. त्याच सामन्यात जॅक आणि बॉबी चार्ल्टन या भावांची नावं पंचाच्या वहीत गेली होती, पण तेही त्या क्षणी कोणाला नीट कळलं नाही. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि इंग्लंडवर फिफाकडे खुलासा मागायची वेळ आली.

त्यानंतर लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरून गाडी चालवताना अ‍ॅस्टनसमोरचा सिग्नल आधी पिवळा आणि मग लाल झाला. पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे थांब. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात दोन्ही कार्डं मैदानावर आली. रंगीत प्रक्षेपण झालेला तो पहिला विश्वचषक. निकाल आता खेळाडूला कळत होता, शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळत होता आणि दुसऱ्या खंडात टीव्हीसमोर बसलेल्यालाही. शिक्षा उघड्यावर आणणं हा लाल कार्डाचा मूळ गुण आहे. त्याला जोखायचं तर याच गुणाच्या कसोटीवर जोखायला हवं.

त्या पहिल्या स्पर्धेत पिवळं कार्ड निघत राहिलं, लाल मात्र शेवटपर्यंत खिशातच राहिलं. विश्वचषकात ते पहिल्यांदा बाहेर आलं 14 जून 1974 रोजी, पश्चिम बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर. तुर्कस्तानचे पंच दोआन बाबाजान यांनी ते चिलीच्या कार्लोस कासेलीला दाखवलं. जर्मनीचा बचावपटू बेर्टी फोग्ट्स त्याला पुन्हा पुन्हा पाडत होता. कासेलीचा तोल गेला, त्याने उलट लाथ मारली आणि तो बाहेर गेला. फोग्ट्स मैदानात राहिला.

लाल कार्डाच्या स्वभावातला एक मोठा दोष त्या पहिल्याच दिवशी दिसला. त्याला शेवटचा फटका दिसतो, आधीचे दिसत नाहीत. डिवचणारा बहुतेक वेळा वाचतो आणि डिवचला गेलेला सापडतो. बत्तीस वर्षांनी, 9 जुलै 2006 रोजी, त्याच बर्लिनमध्ये, त्याच स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. 110 व्या मिनिटाला झिनेदिन झिदानने मार्को मातेराझीच्या छातीत डोकं मारलं. पंच होरासिओ एलिझोंदो यांची त्या वेळी तिकडे पाठ होती. चौथ्या पंचाने ते पाहिलं, कानातल्या यंत्रावर सांगितलं आणि झिदानची कारकीर्द लाल कार्डावर संपली. मैदानावर गोष्ट तिथेच थांबली. फिफाच्या शिस्तपालन समितीने मात्र मागचं पानही वाचलं. झिदानला तीन सामन्यांची बंदी आणि 7,500 स्विस फ्रँक दंड झाला, तर अपशब्द वापरणाऱ्या मातेराझीला दोन सामन्यांची बंदी आणि 5,000 फ्रँक दंड. झिदान निवृत्त झालेला असल्याने त्याने तीन दिवस समाजसेवा करायचं मान्य केलं. दोघांचा गुन्हा वेगळा, त्यामुळे शिक्षाही वेगळी. पण दोघांनाही जबाब द्यावा लागला. हीच रीत पहिल्यापासून असती, तर फोग्ट्सच्या टाचा-लाथांचाही हिशेब झाला असता.

हा दोष जुन्या काळाबरोबर गेला, असं मानायचं कारण नाही. 21 मे 2023 रोजी व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर रेआल माद्रिदच्या व्हिनिसियस ज्युनिअरला प्रेक्षकांतून वंशद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. सामन्याच्या अखेरीला झटापट झाली आणि त्याचा हात व्हॅलेन्सियाच्या उगो दुरोला लागला. व्हिडिओ पंचांनी मैदानावरच्या पंचाला तेवढंच चित्र दाखवलं. त्याआधी दुरोने व्हिनिसियसच्या गळ्याला हाताने आवळून धरलं होतं, तो भाग दाखवलाच नाही. लाल कार्ड निघालं. दोनच दिवसांत स्पॅनिश महासंघाच्या समितीने ते रद्द केलं, कारण पंचासमोर पूर्ण दृश्य ठेवलं गेलं नव्हतं. कॅमेरे भरपूर होते. कोणता तुकडा दाखवायचा हे ठरवताना अन्याय झाला.

लाल कार्डाला स्वतःचे डोळे नाहीत, हे इथे ध्यानात घ्यावं. ते पंचाच्या डोळ्यांनी बघतं. पंच थकलेला असेल, त्याच्यासमोर दोन उंच बचावपटू उभे असतील किंवा तो क्षणभर चेंडूमागे बघत असेल, तर कार्डही तेवढ्यापुरतं आंधळं. 8 जुलै 1982 रोजी सेव्हियामध्ये विश्वचषकाची उपांत्य फेरी चालू होती. फ्रान्सचा पॅट्रिक बातिस्तों चेंडूमागे धावत आला आणि जर्मनीचा गोलरक्षक हाराल्ड शूमाखर हवेत उडी घेऊन त्याच्या अंगावर आदळला. बातिस्तोंचे दात पडले, मणक्याला इजा झाली, बेशुद्ध अवस्थेत त्याला स्ट्रेचरवरून नेलं. पंच चार्ल्स कोर्व्हर यांनी लाल तर सोडाच, पिवळं कार्डही दाखवलं नाही, फाउलसुद्धा दिला नाही. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टींमध्ये शूमाखरने दोन फटके अडवून जर्मनीला अंतिम फेरीत नेलं.

आता याच्या शेजारी 30 जून 1998 ची रात्र ठेवून बघा. सेंत-एतियेनमध्ये विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंडचा डेव्हिड बेकहॅम पालथा पडला होता. पडल्या पडल्याच त्याने पाय मागे उचलून अर्जेंटिनाच्या दिएगो सिमिओनेला हलकंसं मारलं. पंच किम मिल्टन नील्सन दोन पावलांवर उभे होते. त्यांनी लगेच लाल कार्ड काढलं. नियमाने ते बरोबरच होतं: चेंडू नसताना प्रतिस्पर्ध्याला मारणं हे हिंसक वर्तन आहे, फटका हलका होता की जोराचा हा नंतरचा प्रश्न. पण एका बाजूला दात पडले आणि कार्ड निघालं नाही, दुसऱ्या बाजूला खरचटलंही नाही आणि कार्ड निघालं. ही दोन चित्रं ज्याने पाहिली त्याला फुटबॉलच्या न्यायावर विश्वास ठेवणं जड जातं. बेकहॅमचा तर पुढे मायदेशात पुतळा करून फासावर लटकवण्यात आला. एका चुकीच्या लाथेसाठी कायद्याने सांगितलेली शिक्षा एवढी मोठी नव्हती.

कधी कधी कार्ड भलत्याच माणसासमोर जाऊन उभं राहतं. 22 मार्च 2014 रोजी स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीविरुद्ध आर्सेनलच्या अ‍ॅलेक्स ऑक्सलेड-चेंबरलेनने गोलच्या दिशेने मारलेला चेंडू हाताने अडवला. पंचाने बाहेर काढलं ते किरन गिब्सला. खरा दोषी पंचाला सांगत होता, 'तो मी होतो.' तरी गिब्सला जावं लागलं. इंग्लिश महासंघाने नंतर चूक मान्य करून गिब्सची शिक्षा रद्द केली. चेंडू तसाही गोलबाहेर चालला होता, म्हणून दुसऱ्यालाही बंदी झाली नाही. कागदावर सगळं दुरुस्त झालं. हरलेल्या सामन्यातली ती मिनिटं कोणी परत देऊ शकलं नाही.

ही उणीव भरून काढायला शिस्तीने मैदानाबाहेरचे डोळे वापरायला सुरुवात केली. 1994 च्या विश्वचषकात इटलीच्या माउरो तासोत्तीने स्पेनच्या लुईस एनरिकेचं नाक कोपराने फोडलं. पंचाला ते दिसलं नाही, कार्ड निघालं नाही. फिफाने चित्रफीत बघून तासोत्तीवर आठ सामन्यांची बंदी घातली. वीस वर्षांनी, 24 जून 2014 रोजी ब्राझीलमधल्या नाताल शहरात उरुग्वेच्या लुईस सुआरेझने इटलीच्या जॉर्जो किएलिनीच्या खांद्याला चावा घेतला. तेव्हाही पंचाने काहीच दाखवलं नाही. नंतर त्याला नऊ आंतरराष्ट्रीय सामन्यांची बंदी, चार महिने फुटबॉलपासून पूर्ण दूर राहण्याची शिक्षा आणि 1 लाख स्विस फ्रँक दंड झाला. चावण्याचा त्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. 2010 मध्ये नेदरलँड्समध्ये त्याला सात आणि 2013 मध्ये इंग्लंडमध्ये दहा सामन्यांची बंदी झालेली होती. चढत्या शिक्षेमागे कारण होतं आणि ते सगळ्यांना समजत होतं. त्याच्यावर घातलेली सरावबंदी मात्र लोझानच्या क्रीडा लवादाने उठवली. खेळाडूला सामन्यातून दूर ठेवणं ही शिक्षा झाली. त्याला सहकाऱ्यांबरोबर पळूही न देणं हे गरजेपेक्षा जास्त होतं.

लाल कार्डाला डोळ्यांप्रमाणे कानही उसने मिळालेले आहेत. साठ हजार माणसं एका सुरात ओरडली की पंचाच्या मनावर त्याचं ओझं येतं. तो विकलेला असतो असं अजिबात नाही, तो माणूस असतो. 2020 मध्ये कोरोनामुळे युरोपातली मैदानं रिकामी झाली. त्या काळातल्या सामन्यांचे जे अनेक अभ्यास झाले, त्यांत पाहुण्या संघांना मिळणाऱ्या कार्डांचं प्रमाण नेहमीपेक्षा घटलेलं दिसलं. खेळाडू तेच, नियम तेच, पंचही तेच. गेली होती ती फक्त गर्दी. जो फाउल घरच्या संघाने केला तर माफ आणि पाहुण्याने केला तर कार्ड, तो फाउल न्यायाच्या हिशेबात एकच आहे, हे यानंतर तरी कोणी नाकारू नये.

एवढे दोष सांगितले, तरी लाल कार्डाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ते दिलेल्या शब्दापलीकडे जात नाही. 2 जुलै 2010 रोजी जोहान्सबर्गमध्ये उरुग्वे आणि घाना यांची उपांत्यपूर्व लढत जादा वेळेच्या शेवटच्या क्षणाला आली होती. चेंडू गोलरेषा ओलांडणार एवढ्यात सुआरेझने तो हाताने अडवला. पंचाने त्याला लाल कार्ड दाखवलं आणि घानाला पेनल्टी दिली. असामोआ ग्यानचा फटका आडव्या दांडीला लागून उडाला आणि पुढे पेनल्टींच्या फैरीत घाना हरला. आफ्रिकेतला कोणताच देश तोपर्यंत उपांत्य फेरीत पोचला नव्हता, म्हणून सगळा खंड हळहळला. सुआरेझला वर्षभर बंद करा, गोल बहाल करा, अशी मागणी झाली. त्याला मिळाली ती नियमातली शिक्षा, म्हणजे पुढच्या सामन्याची बंदी. आपल्याला संताप येतो, पण न्याय इथे चुकला नाही. घडलेल्या कृतीची शिक्षा आधी लिहून ठेवलेली होती, आणि हळहळ किती मोठी आहे यावरून ती वाढवता येत नाही. नियम अपुरा वाटत असेल तर तो बदलावा, पण पुढच्या सामन्यापासून.

आणि नियम बदलतोही. गोलरक्षकाने चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करताना आघाडीपटूला पेनल्टी क्षेत्रात पाडलं, तर पूर्वी पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याची बंदी अशी तिहेरी शिक्षा होत असे. एका चुकीला तीनदा मार कशाला, असा आक्षेप वर्षानुवर्षं घेतला जात होता. 2016 मध्ये खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने तिथे लाल ऐवजी पिवळं कार्ड आणलं. मुद्दाम ओढणं किंवा हाताने अडवणं याला मात्र लाल कार्ड कायम राहिलं. गुन्हा आणि शिक्षा यांचं प्रमाण राखणारी ही सुधारणा होती. जगभर एकाच हंगामापासून सगळ्यांना ती लागू झाली, म्हणून कोणाला तक्रारीला जागा उरली नाही.

इथपर्यंत कार्ड उजेडात असतं. सामना संपल्यावर त्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं ते समितीच्या बंद खोलीत. बंदी किती सामन्यांची, दंड किती, शिक्षा लगेच की स्थगित, हे तिथे ठरतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच खोलीची.

1962 च्या विश्वचषकातच बघा. उपांत्य सामन्यात ब्राझीलच्या गारिंचाला बाहेर काढण्यात आलं. तेव्हा आपोआप बंदीचा नियम नव्हता, समितीने त्याला मोकळं सोडलं आणि चारच दिवसांनी तो अंतिम सामना खेळला. ब्राझील जगज्जेता झाला. 8 जुलै 1998 रोजी फ्रान्सच्या लोराँ ब्लांलाही उपांत्य सामन्यातच लाल कार्ड मिळालं. त्याचा हात लागताच क्रोएशियाचा स्लावेन बिलिच चेहरा धरून कोसळला. लागलं होतं त्यापेक्षा त्याचं कोसळणं कितीतरी मोठं होतं. ब्लांला मात्र माफी नव्हती. आपल्याच देशात, आपल्याच राजधानीशेजारी झालेला अंतिम सामना त्याला बाहेरून बघावा लागला. गारिंचा खेळला याचा आनंद मानणाऱ्या मनानेही कबूल करावं, की आपोआप बंदीचा नियम आला हे बरं झालं. माफी नावाजलेल्याला मिळते आणि नियम साध्या खेळाडूला लागतो, अशी व्यवस्था कोणाच्याही भल्याची नाही.

आणि तरी ती पुन्हा डोकावते. 13 नोव्हेंबर 2025 रोजी डब्लिनमध्ये विश्वचषक पात्रता सामन्यात क्रिस्तियानो रोनाल्डोने आयर्लंडच्या बचावपटूला कोपर मारलं. पोर्तुगालकडून खेळताना त्याला मिळालेलं हे पहिलंच लाल कार्ड. फिफाने तीन सामन्यांची बंदी जाहीर केली, पण त्यातले दोन सामने वर्षभराच्या परिवीक्षेवर स्थगित ठेवले. एक सामना तो बाहेर बसला आणि 2026 च्या विश्वचषकाच्या पहिल्या सामन्याची वाट मोकळी झाली. अशी स्थगिती देण्याची तरतूद फिफाच्या संहितेत आहे आणि दोन दशकांहून जास्त काळ स्वच्छ राहिलेल्या खेळाडूला तिचा लाभ मिळायला माझा विरोध नाही. पण तोच लाभ एखाद्या लहान देशाच्या, ज्याच्या नावावर एकही तिकीट विकलं जात नाही अशा बचावपटूलाही मिळायला हवा. तो मिळेल याची खात्री प्रेक्षकाला वाटत नसेल, तर समिती कमी पडली.

खात्री कशी देता येते, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथे साध्या गुन्ह्यांचे दर ठरलेले आहेत: गोलची संधी हिरावली तर एक सामना, शिवीगाळ केली तर दोन, हिंसक वर्तनाला तीन. गंभीर प्रकरणांत समिती कारणं लिहून प्रसिद्ध करते. पॅट्रिस एव्हराला वंशद्वेषी बोलल्याबद्दल सुआरेझला 2011 मध्ये आठ सामन्यांची बंदी आणि 40,000 पौंड दंड झाला. अँटन फर्डिनंडला तसंच बोलल्याबद्दल 2012 मध्ये जॉन टेरीला चार सामन्यांची बंदी आणि 2,20,000 पौंड दंड झाला. परक्या देशातून आलेल्याला दुप्पट बंदी आणि इंग्लंडच्या माजी कर्णधाराला निम्मी, असा आरोप लगेच झाला. पण सुआरेझच्या निकालाची 115 पानं सगळ्यांसमोर होती. त्याने तो वंशद्वेषी शब्द त्या सामन्यात सात वेळा उच्चारला, असा समितीचा निष्कर्ष होता. टेरीच्या बाबतीत उच्चार एकदाच झाला होता. हा फरक कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. मला स्वतःला चार सामने कमी वाटतात. पण मी वाद घालतो तो छापील कारणांशी, कुजबुजीशी नव्हे. न्याय देणारा एवढं तरी देणं लागतो.

आपल्याकडेही हे आता दूरचं राहिलेलं नाही. 20 डिसेंबर 2023 रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर मुंबई सिटी आणि मोहन बागान सुपर जायंट यांच्या सामन्यात लाल कार्ड सात वेळा निघालं. मुंबईचे चार, बागानचे तीन, आणि त्यांत गोव्याचा लिस्टन कोलासोही होता. काही कार्डं तर शेवटची शिट्टी वाजल्यावर निघाली. त्याआधी डिसेंबर 2012 मध्ये मोहन बागानने कोलकात्यातला ईस्ट बंगालविरुद्धचा सामना मध्येच सोडला, तेव्हा भारतीय महासंघाने आधी दोन वर्षांची बंदी जाहीर केली आणि महिन्याभरात ती उठवून 2 कोटींचा दंड आणि गुणकपात ठेवली. मार्च 2023 मध्ये केरला ब्लास्टर्सने बेंगळुरूत सामना सोडला, तेव्हा दंड झाला 4 कोटींचा. सामना अर्धवट टाकणं हा गुन्हा दोन्हीकडे एकच. आधी मोठी शिक्षा सांगायची आणि मग ती मऊ करायची, किंवा प्रत्येक वेळी नवा आकडा काढायचा, याने खेळाडू आणि क्लब शिस्त शिकत नाहीत. खटपट केली तर शिक्षा कमी होते, एवढंच शिकतात.

किराणा दुकानातलं किलोचं वजन गिऱ्हाईक बघून हलकं-जड होत नाही. शिस्तीचं वजनही तसंच असायला हवं. त्यासाठी फार मोठं काही लागत नाही. शिक्षा कृतीची व्हावी, नावाची नाही. जखम किती झाली किंवा सामना किती मोठा होता यावरून नव्हे, तर खेळाडूने काय केलं यावरून व्हावी. डिवचणाऱ्याचाही हिशेब त्याच निकालात व्हावा. पूर्वी तशाच गुन्ह्याला काय दिलं होतं, हे निकालात लिहिलेलं असावं. त्यापेक्षा कमी-जास्त द्यायचं असेल तर कारण सांगावं. आणि पंचाची चूक झाली तर ती मान्य करून दुरुस्त करण्याची वाट शेवटच्या विभागातल्या, वकील न परवडणाऱ्या खेळाडूलाही तेवढीच खुली असावी.

लाल कार्डाने 1970 पासून आपलं काम चोख केलं आहे. लपलेला निकाल त्याने हजारोंच्या डोळ्यांसमोर धरला आणि रातीनसारखा 'मी काय केलं?' हा प्रश्न घेऊन उभं राहण्याची वेळ पुढच्या खेळाडूंवर येऊ दिली नाही. आता उरलेलं काम महासंघांचं आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघापासून फिफापर्यंत प्रत्येक शिस्तपालन समितीने आपला प्रत्येक निकाल कारणांसकट, आधीच्या निकालांच्या तुलनेसकट लोकांसमोर ठेवावा. आणि आपण प्रेक्षकांनी ही मागणी करताना एक पथ्य पाळावं: आपल्या संघाच्या खेळाडूला जी माफी मागू, तीच प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूसाठीही मागावी. तेवढं जमत नसेल, तर पंचावर ओरडण्याचा हक्क आपल्याला नाही.